मायग्रेन यायला लागला की पहिल्या तासात काय करायचं

जांभया. माझं सगळं जांभयांपासून सुरू होतं. रात्री चांगली सात तास झोप झालेली असते, सकाळचा चहा झालेला असतो, तरी अकराच्या सुमाराला ऑफिसात एकामागून एक जांभया यायला लागतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि बाजूच्या टेबलवरची विचारते काय गं रात्री झोपली नाहीस का. मग उजव्या बाजूची मान आखडते, एसटीत वाकडं झोपल्यावर आखडते तशी, खांद्यापासून कानामागे. मग दर अर्ध्या तासाला बाथरूम. आणि गोड काहीतरी पाहिजे म्हणजे पाहिजेच. ही चार झाली की मला कळतं, संध्याकाळपर्यंत उजव्या डोळ्याच्या मागे कोणीतरी घण घालत बसणार आहे.

हे कळायला मला बारा-तेरा वर्षं लागली. कॉलेजपासून डोकं दुखायचं आणि आमच्या घरी त्याला एकच नाव, पित्त. आई म्हणायची पित्त झालंय, मिठाचं पाणी पी आणि उलटी काढ, आणि खरं सांगायचं तर उलटी झाल्यावर जरा बरं वाटायचंही, त्यामुळे पित्तावरचा विश्वास पक्का. मोरावळा झाला, कोकम सरबत झालं, आवळासुपारी पर्समध्ये कायम, एका मावशींनी तर सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी आणि दूध घ्यायला सांगितलेलं, तेही केलं. जिलबी छान होती. मोरावळा-कोकमात वाईट काहीच नाही हो, पण ह्या सगळ्यात जो पहिला तास निघून जायचा तोच हातातला तास होता. मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही आणि म्हणून मळमळतं, म्हणजे पोटामुळे डोकं नाही, डोक्यामुळे पोट. आणि एकदा पोट मंदावलं की त्यानंतर घेतलेली गोळीसुद्धा तिथेच पडून राहते, रक्तात उशिरा पोचते, किंवा उलटीतून बाहेर. मी नेमकी तेव्हाच गोळी घ्यायचे, एकदम असह्य झाल्यावर, आणि मग म्हणायचे की मला गोळ्या लागूच पडत नाहीत.

मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं डोकं दुखलेली बाई आहे आणि खालचं बरंचसं न्यूरॉलॉजिस्टच्या समोर बसून विचारून विचारून गोळा केलेलं आहे, तर तुमच्या औषधांचं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, बाकीचं घ्या.

सगळ्यात आधी आपापल्या खुणा ओळखा. दुखणं सुरू व्हायच्या काही तास आधी, कधीकधी एक-दोन दिवस आधी शरीर सांगायला लागतं, पण प्रत्येकाची भाषा वेगळी. जांभया, मान आखडणं, सारखी लघवी, उजेड डोळ्यांवर येणं, वास नको होणं, शब्द न आठवणं, काहीतरी खावंसं वाटणं ही नेहमीची. माझ्या नणंदेला आदल्या दिवशी भयंकर उत्साह येतो, माळे साफ करायला काढते, आणि तिच्या नवऱ्याला हे तिच्याआधी कळतं, माळ्यावरचे डबे खाली आले की तो बिचारा संध्याकाळची भांडी स्वतःच घासून ठेवतो. घरच्यांना विचारा, खरंच, त्यांना दिसलेलं असतं. आणि ज्या दिवशी डोकं दुखेल त्या दिवशी फोनमध्ये आदल्या दिवसाचं जे आठवेल ते दोन ओळींत लिहून ठेवा, काय खाल्लं, किती झोप, पाळीचा कितवा दिवस. पाच-सहा वेळा लिहिलं की तुमची तुम्हालाच रांग दिसते.

इथे एक फसगत आहे आणि मी त्यात बरीच वर्षं अडकलेले. मला वाटायचं श्रीखंड खाल्लं की माझं डोकं दुखतं, म्हणून श्रीखंड बंद, मग चॉकलेट बंद, मग पेढे बंद. पण गोड खायची ती हाव हीच मायग्रेनची खूण होती, म्हणजे मायग्रेन आत सुरू झालेला आधीच, त्याने माझ्याकडून श्रीखंड मागवून घेतलं आणि आळ मात्र आला श्रीखंडावर. सगळ्यांचं असंच असेल असं नाही, काहींना काही पदार्थ खरंच बाधतात, पण पदार्थ कायमचा बंद करायच्या आधी तो इच्छा नसताना दोन-तीन वेळा खाऊन बघा आणि मग निकाल द्या.

आता खूण दिसली, पुढे काय. नुसत्या जांभया आणि मान असेल तर गोळी नाही, हे नीट लक्षात ठेवा, कारण प्रत्येक जांभईला गोळी घेत बसलात तर महिन्याच्या गोळ्या मोजवणार नाहीत. जांभईला पाणी आणि खाणं. दोन ग्लास पाणी सावकाश, ऑफिसात एसीमध्ये बसून आपण चार-चार तास पाणी पीत नाही ते आठवा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात स्टेशनवरून चालत आला असाल तर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी किंवा शहाळं. आणि खायला साधं, पोळीभाजीचा डबा अकराला उघडावा लागला तरी उघडा, केळं, इडली, ग्लुकोजची बिस्किटं, काहीही, पण जेवण पुढे ढकलू नका. दुपारी दीडची मीटिंग अडीचपर्यंत लांबली की माझं ठरलेलं असायचं. त्या दिवसाची उरलेली कामं दोन ढिगांत टाका, आज झालीच पाहिजेत आणि उद्या चालतील, आणि पहिला ढीग लगेच उरकून घ्या, कारण संध्याकाळी तुम्ही उपलब्ध असालच असं नाही. शक्य असेल तर वीस मिनिटं डोळे मिटून बसा. मी टेरेसच्या जिन्यात बसते, तिथे कोणी येत नाही, फक्त सिगारेटवाले येतात तेव्हा उठावं लागतं, त्यांचा वास सहन होत नाही.

चहा-कॉफीचं विचारतात सगळे. एक कप कॉफी किंवा कडक चहा सुरुवातीला मदत करतो, कॅफीन गोळीचा जोर वाढवतं, म्हणून तर काही डोकेदुखीच्या गोळ्यांत ते घातलेलंच असतं. पण एकच कप, आणि संध्याकाळी उशिरा नको, कारण मग झोप जाते आणि झोप गेली की उद्याचा मायग्रेन बुक. आणि जे रोज पाच कटिंग पितात त्यांना उलट चहा चुकला तरच डोकं चढतं, तो वेगळा हिशोब.

काहींना मध्ये डोळ्यांचा खेळ असतो, त्याला ऑरा म्हणतात. सगळ्यांना नसतो. मला पहिल्यांदा झाला तेव्हा मी एक्सेलमध्ये बसलेले, एका रकान्यात ४८,५०० लिहिलं होतं आणि मला ४८ दिसतंय, पुढचं नाहीच, मान हलवली तर ५०० दिसतंय आणि ४८ गायब. मी कॉम्प्युटरला थापड मारली. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक बारीक चमकणारी नागमोडी रेघ आली, किल्ल्याच्या तटबंदीसारखी, थरथरणारी, आणि वीसेक मिनिटांत ती हळूहळू मोठी होत होत कडेला जाऊन निघून गेली. एक डोळा मिटला तरी तीच, दुसरा मिटला तरी तीच, कारण ती डोळ्यात नसतेच, मेंदूच्या मागच्या भागात असते. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्वतःच्याच ऑराची चित्रं काढून काढून १९४१ साली हिशोब मांडला की मेंदूवरून काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर ह्या वेगाने सरकतंय, आणि १९४४ साली ब्राझीलच्या आरिस्टिडेस लिआओने सशांच्या मेंदूत तशीच सावकाश सरकणारी लाट पकडली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं.

ऑरा ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो. काहींना हाताच्या बोटांत झिणझिण्या येऊन त्या चढत चढत ओठापर्यंत येतात, काहींचे शब्द अडखळतात. तेवढा वेळ एकच काम, थांबणं. स्कूटर बाजूला लावा, रस्ता क्रॉस करू नका, जिन्यावर असाल तर कठडा धरून खाली बसा, आणि धावती गाडी अजिबात पकडू नका, तुम्हाला डब्याचा दांडा जिथे दिसतोय तिथे तो असेलच असं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल तर हा मायग्रेनच असं घरबसल्या ठरवू नका, त्याच दिवशी डॉक्टर. मायग्रेनचं सगळं सावकाश पसरत जातं, पॅरालिसिसचा झटका धाडकन येतो, पण पहिल्या वेळी हा फरक आपला आपण करायचा नसतो.

आता गोळी. डोकं दुखायला लागलं, अजून हलकं आहे, एका बाजूला नुसतं ठुसठुसतंय, ही गोळीची वेळ. बघू, जाईल, एवढी मीटिंग होऊ दे, घरी जाऊन घेते, ही नाही. साधी परीक्षा सांगते, केसांतून कंगवा फिरवला तर टाळू दुखते का, चष्म्याची काडी टोचायला लागली का, तसं होत असेल तर उशीर झालेला आहे, मेंदू आता नुसत्या स्पर्शालाही दुखणं समजतोय आणि ह्यापुढे गोळीचा उपयोग कमी होत जातो.

साधी गोळी पण पूर्ण मापात. आपल्याकडे अर्धी गोळी घेऊन बघण्याची फार हौस, मग तासाने उरलेली अर्धी, मग काहीच होत नाही. धडधाकट मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन, आणि चोवीस तासांत ४००० च्या वर कधीच नाही, लिव्हरचा त्रास असेल, रोजची दारू असेल किंवा वजन फार कमी असेल तर त्याहूनही कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका. आयब्युप्रोफेन ४०० किंवा नेप्रोक्सेन बऱ्याच जणांना जास्त लागू पडतं, पण ते काहीतरी खाऊन, आणि अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दमा ह्यातलं काही असेल तर विचारल्याशिवाय नाही. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही. मळमळ असेल तर डॉक्टर सोबत डॉमपेरिडोनसारखी गोळी देतात, तिने उलटी थांबते आणि पोटही जरा हलतं, म्हणजे दुसरी गोळी पुढे सरकते.

आणि मुंबईकरांसाठी खास. जून ते ऑक्टोबर डोकं दुखतंय आणि अंगात ताप आहे, तर तो मायग्रेन धरू नका, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन काही घेऊ नका, कारण डेंग्यू निघाला तर ह्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. फक्त पॅरासिटामॉल आणि डॉक्टर. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर तेही सांगा, त्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस) असंच डोकं आणि पोटऱ्या दुखतात.

साध्या गोळ्यांनी होत नसेल तर डॉक्टर ट्रिप्टान देतात, म्हणजे खास मायग्रेनवरच्या गोळ्या. सुमाट्रिप्टान त्यातलं पहिलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, रिझाट्रिप्टान वगैरे नंतरची. ही फक्त चिठ्ठीवर, आणि हार्टचा त्रास, पूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, ताब्यात नसलेलं बीपी ह्यांच्यासाठी नाहीत. ती दुखणं सुरू झाल्याबरोबर घ्यायची, नुसती नागमोडी रेघ दिसत असताना नाही. आणि एर्गोटामाइन असलेल्या जुन्या गोळ्या अजून मिळतात, ती आणि ट्रिप्टान चोवीस तासांच्या आत एकत्र घ्यायची नाहीत. मेडिकलवाल्याला नुसतं मायग्रेनची गोळी द्या म्हणून सांगू नका, तो भला माणूस असतो पण त्याला तुमचं बीपी माहीत नाही. मला एकदा अशीच एक गोळी मिळाली होती, कुठल्या दुकानातून ते सोडा, दोन दिवस माझी छाती धडधडत होती आणि पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायलाही डोळे उघडत नव्हते.

गोळ्या मोजा. साध्या गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीनेक महिने चाललं तर गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागतं. मी साधा नियम धरलाय, आठवड्यात दोनच दिवस. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लाल टिंब मारते. महिन्यात चार-पाच टिंबांच्या वर गेलं की डॉक्टरांकडे, मग ते मायग्रेन येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या वेगळ्या गोळ्या देतात, प्रोप्रानोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन वगैरे, त्यांना दोनेक महिने दम धरावा लागतो. केईएम, सायन, नायर, जेजे, ह्या हॉस्पिटलांत न्यूरॉलॉजीची ओपीडी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, खर्च फारसा नाही, वेळ मात्र जातो, डबा आणि पाणी घेऊन जा नाहीतर लाइनीतच मायग्रेन यायचा.

दिवस राहिलेले असतील तर हा गोळ्यांचा भाग सगळा सोडून द्या आणि फक्त तुमच्या डॉक्टरांचं ऐका. आणि ज्या बायकांना ऑरा येतो त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या आधी गायनॅकला ऑराबद्दल आवर्जून सांगा, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी अशांना पॅरालिसिसचा धोका वाढतो. आपण हे सांगत नाही कारण आपल्याला वाटतं डोळ्याचं आणि ह्याचं काय नातं.

गोळी घेतली, आता अंधार आणि शांतता. पुस्तकात लिहिलेलं असतं, अंधाऱ्या शांत खोलीत पडून राहा. अहो कुठली खोली. मी लग्नानंतर सात वर्षं वन आरकेमध्ये राहिले, तिथे खोली एकच आणि त्यात पाच माणसं, एक टीव्ही आणि खिडकीबाहेर नाका. तेव्हा मी जे शिकले ते असं. अंधार खोलीला नाही, डोळ्यांना पाहिजे. काळी सुती ओढणी चौपदरी करून डोळ्यांवर, कानामागून सैल बांधायची, आणि भिंतीकडे तोंड करून लादीवरच चटई टाकून आडवं व्हायचं, लादी थंड असते आणि खाटेवर कोणी बसलं तर हादरा बसत नाही. फोमचे कानात घालायचे बोळे मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात, ते गणपतीत मंडळाच्या स्पीकरसमोर हरतात पण टीव्हीसमोर पुरतात. आता आमच्या शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, सकाळी नऊला ब्रेकर सुरू होतो, त्यावर मला उपाय सापडलेला नाही, मी सरळ उठून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे त्यांच्या मागच्या खोलीत जाऊन पडते. अशी एक जागा बरं असताना ठरवून ठेवा, डोकं फुटत असताना कोणाला समजावून सांगायची ताकद नसते. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा की मी ओढणी बांधली की कोणी काही विचारायचं नाही, बरं वाटतंय का हेसुद्धा नाही, फोडणी द्यायची नाही, अगरबत्ती लावायची नाही. सासूबाईंना अगरबत्तीचं पटायला वेळ लागला, पण आता त्या दिवशी त्या नुसता तेलाचा दिवा लावतात.

बर्फाचा शेक हा माझा सगळ्यात लाडका. काहींना गरम आवडतं, मानेला गरम पाण्याची पिशवी, ते मान आखडली असताना ठीक, पण ठुसठुसणाऱ्या कपाळाला थंडच. बर्फाची ट्रे मला जमत नाही, खडे निसटतात, पाणी कानात जातं. फ्रोझन मटारचं अर्ध्या किलोचं पाकीट, ते मानेच्या खळग्यात आणि कपाळावर बरोबर बसतं, दाणे सरकतात आणि डोक्याचा आकार घेतात. पातळ पंचात गुंडाळायचं, नुसतं कातडीवर नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढायचं. आमच्या पाकिटावर मुलाने मार्करने आईचं डोकं असं लिहून ठेवलंय. बामही चालतो, अमृतांजन तर १८९३ साली ह्याच मुंबईत सुरू झालेलं, थंडावा येतो, बरं वाटतं, पण बारीक थर, डोळ्यांपासून लांब, आणि ज्यांना वासच सहन होत नाही त्यांनी डबी उघडूसुद्धा नका. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळला तर मळमळ जरा बसते.

झोप लागली तर झोपा, पण रात्रीचे आठ वाजले असतील तर गजर लावून तासाभरात उठा, दोन घास खा आणि मग परत झोपा.

आता लोकलचं, कारण निम्म्या वेळेला हे सगळं ट्रेनमध्येच सुरू होतं. संध्याकाळी चर्चगेटहून निघालात तर सूर्य डाव्या हाताला असतो, मरीन लाइन्स, चर्नी रोडपर्यंत सरळ डोळ्यात, आणि मग खांब, बिल्डिंगी, झाडं ह्यांच्या मधून उजेड लुकलुकत राहतो, माहीमच्या खाडीवर परत मोकळा. ती लुकलुक मला नको असते, म्हणून मी उजवीकडची सीट बघते, खिडकी नाही मिळाली तरी चालेल, आणि खिडकीकडे पाठ मिळाली तर फारच छान. खूण दिसली असेल त्या दिवशी फास्ट सोडा आणि स्लो पकडा, चार गाड्या जाऊ द्या पण बसायला मिळेल अशी, वीस मिनिटं जास्त लागतील पण जिथे नको होईल तिथे पुढच्या स्टेशनला उतरून बाकावर बसता येतं. फास्टमध्ये दादर सुटलं की पुढचं दार बराच वेळ उघडत नाही, म्हणजे दार उघडंच असतं पण उतरता येत नाही, कळतंय ना. लेडीज डब्यात संध्याकाळी कोणाचा गजरा, कोणाचा डिओ, कोणी मेथी निवडतंय, ते वास आपण बंद करू शकत नाही, मी लिंबाची साल रुमालात बांधून ठेवते आणि नाकाशी धरते. प्लास्टिकची पिशवी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, आतल्या नाही, कारण आतल्या कप्प्याची चेन उघडेपर्यंत वेळ गेलेली असते, हे मी एकदा एका अनोळखी बाईच्या साडीवर शिकले. ती बिचारी काही बोलली नाही, उलट स्वतःची बाटली दिली आणि उठून मला खिडकी दिली. शेजारणीला सरळ सांगा की माझं डोकं फार दुखतंय, बोरिवलीला उठवाल का. उठवतात.

पर्समध्ये एक छोटं पाऊच करून ठेवा आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. तुमच्या गोळ्या एका वेळेपुरत्या, तारीख बघून, कानातले बोळे, काळा गॉगल, बिस्किटाचा छोटा पुडा, मीठ-साखरेचं पाकीट, ती पिशवी. एवढंच. गॉगल मात्र उन्हातच, घरात आणि ऑफिसात सारखा लावला तर डोळे उजेडाला अजून हळवे होतात.

उपासाचं बोलायलाच हवं. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला आणि सकाळपासून नुसता चहा, हे आमच्यासारख्यांना निमंत्रण देऊन बोलावणं आहे. उपास सोडा असं मी म्हणत नाही, मी स्वतः करते, पण दर तीन तासांनी काहीतरी, राजगिऱ्याचा लाडू, ताक, केळं, शेंगदाणे, आणि दिवसभर पाणी. निर्जळी एकादशी मी बंद केली. विठोबाला माझं डोकं माहीत आहे. तसंच रविवारचं, आठवडाभर साडेपाचला उठायचं आणि रविवारी दहापर्यंत लोळायचं, त्यात चहाही चार तास उशिरा, मग दुपारी मटणाचा रस्सा समोर आणि आपण आडवे. रविवारीही तासभराच्या आतबाहेर उठा, वाटलं तर दुपारी झोपा. आणि ज्यांचं पाळीच्या दोन दिवस आधीपासून ठरलेलं असतं त्यांनी ते डॉक्टरांना तारखा दाखवून सांगा, त्यासाठी वेगळ्या पद्धतीने आधीच औषध देता येतं.

काही वेळा मात्र ह्यातलं काहीही करत बसायचं नाही. एका मिनिटाच्या आत डोकं एकदम फुटल्यासारखं दुखलं, आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं असं. तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं. ताप आणि मान पुढे वाकत नाही. डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नवीनच दुखायला लागलं. नेहमीचं दुखणं तीन दिवसांच्या वर चाललं किंवा त्याची तऱ्हाच बदलली. ह्यात १०८ किंवा जी पहिली टॅक्सी मिळेल ती, आणि मोठं हॉस्पिटल. पॅरालिसिसच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि मुंबईच्या ट्रॅफिकला त्यातला एक तास तसाच लागतो.

आणि दुखणं उतरल्यावरचा दिवस. तो कोणी धरतच नाही, डोकं दुखायचं थांबलं म्हणजे तुम्ही बऱ्या झालात, चला उठा. पण त्या दिवशी मी पिळून वाळत घातलेल्या चादरीसारखी असते, बोलताना शब्द सापडत नाहीत, वाकलं की आत डोकं हलतंय असं वाटतं. दिवसभर राहतं हे. त्या दिवशी मऊ भात, मेतकूट, तूप, पाणी भरपूर, आणि मोठा हिशोब, भांडण, बँकेचं काम ह्यातलं काही नाही. फोनमध्ये दोन ओळी लिहा, कॅलेंडरवर टिंब मारा, पाऊचमध्ये संपलेली गोळी भरा. मटारचं पाकीट परत फ्रीजरमध्ये टाका. ते इतक्या वेळा वितळून गोठलेलं असतं की त्याची उसळ करू नका, आमच्याकडे एका पाहुण्यांनी केली होती.